शेवळवालीचं गोणपाट

माझ्याकडे दोन गोणपाटं असायची. एक माझ्या बुडाखाली आणि एक माझ्या डाव्या हाताला, रिकामं. नवीन गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "मावशी, इथे कोण बसतं?" मी सांगायची, "बसते एक. आज नाही आली." मग ते त्या रिकाम्या गोणपाटाकडे बघायचं, माझ्याकडे बघायचं, नि बाईचं डोकं फिरलंय असं समजून मुकाट्याने वांगी निवडायला लागायचं.

आता हे नीट सांगायला हवं. नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला एका लांबलचक भिंतीच्या कडेने आम्ही बायका माल घेऊन बसायचो. ही नव्वदच्या पुढची गोष्ट, बिल्डिंगा उठायला लागल्या होत्या ते दिवस. त्या बाजारात जागा कोणाच्या नावावर नव्हती. जी रोज येते तिची जागा. एखाद दिवस ती आली नाही तर शेजारणीने तिचं गोणपाट अंथरून ठेवायचं. गोणपाट अंथरलेलं आहे म्हणजे माणूस आहे. त्याच्यावर कोणी पाय द्यायचा नाही, टोपली टेकवायची नाही. आणि बरेच दिवस गोणपाट पडलं नाही की समजायचं, जागा सुटली. कोण बाळंतपणाला गेली, कोण अंथरुणाला खिळली, कोण देवाघरी गेली, हे आम्हाला आधी गोणपाटावरून कळायचं आणि मग माणसांकडून.

नावाने कोणी कोणाला हाक मारत नसे. माल हेच नाव. मी केळीवाली, पलीकडचा कांदेबटाटेवाला, आणि माझ्या डाव्या हाताची ती शेवळवाली.

मी जवळच्या गास गावची. घरची वाडी होती, विहीर होती. वाडीत जे पिकेल ते पाटीत भरून पहिल्या एसटीने बाजारात आणायची. वांगी, दुधी, अळू, केळफूल, राजेळी केळी, आणि उन्हाळ्यात सुकेळी, म्हणजे तीच केळी सोलून उन्हात वाळवलेली. नेसायला आमचं लाल लुगडं, त्यामुळे गिऱ्हाइकाला मी लांबून दिसायची. ती मात्र दिसायची नाही. तुंगारेश्वरच्या डोंगराखालच्या पाड्यावरून यायची. अंगाने काटकुळी, पातळ गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं, आणि आवाज इतका बारीक की पुढ्यातल्यालाही दोनदा विचारावं लागे. बाजारात ओरडणं म्हणजे अर्धा धंदा. तिला ओरडताच येत नसे. मग तिचंही मीच ओरडायची. "करवंदं घ्या, डोंगरची करवंदं!" गिऱ्हाईक माझ्या आवाजावर यायचं आणि मी त्याला डावीकडे ढकलायची.

तिचा माल डोंगराच्या मर्जीवर. उन्हाळ्यात करवंदं नि जांभळं, जूनच्या सुरुवातीला शेवळं, मग टाकळा, कुलूची भाजी, श्रावणात कंटोळी, थंडीत आवळे. मधल्या महिन्यांत ती कोणाच्या शेतावर नाहीतर वीटभट्टीवर जायची. त्या सगळ्या दिवसांत तिचं गोणपाट अंथरायची मी. आणि एकतर्फी नव्हतं बरं का. आमच्या घरचे आजारी पडले त्या वर्षी मी आठवडेच्या आठवडे बाजाराचं तोंड बघितलं नाही. तिचा विकायला माल नव्हता, तरी ती तेवढ्यासाठी डोंगरावरून उतरायची, माझं गोणपाट अंथरायची आणि बाजूला बसून राहायची. मी परत आले तेव्हा जागेवर पाणी शिंपडलेलं होतं. म्हणाली, "तुजी जागा गार ठेवलीय बाय. बस." मी पाटी खाली ठेवली आणि मला रडूच फुटलं. ती म्हणाली, "रडतं काय, गिऱ्हाईक आला बघ."

शेवळं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ही रानभाजी. जमिनीतून तपकिरी-जांभळट कोंब वर येतात, लांबुडके, टोकाला निमुळते. त्यांच्या जुड्या बांधून विकतात. वरचं साल सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं, आणि सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, नाहीतर वाल घालून शिजवायचं. आमच्याकडे मटण बाजूला सारून लोक हिच्यावर हात मारतात. पण ही भाजी खाजरी. अळूची खाज तिच्यापुढे काहीच नाही. ती खाज मारायला काकडं लागतात. काकड म्हणजे रानातलं एक झाड. त्याला बोराएवढी हिरवी, आंबटढाण फळं लागतात, ती काकडं. ठेचून त्यांचा रस भाजीत घालायचा. काकडं नसतील तर चूल पेटवायचीच नाही, इतकं ते ठरलेलं. शेवळवाली प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं पानात बांधून द्यायची. कोणी म्हटलं की याचे वेगळे पैसे घे, तर ती मान हलवायची. "शेवळं इकाची, काकडं देयाची," म्हणायची.

आता दुसरी बाई सांगते. ही साताऱ्याकडची सून. आमच्या एका नातेवाइकाची वाडी विकली गेली आणि तिथे चार मजली बिल्डिंग झाली, तिच्यात ही राहायला आली. नवरा मुंबईत नोकरीला. तरुण पोर, बोलकी. भाजीबरोबर शब्द घेऊन जायची. "आमच्याकडे दोडका, तुमच्याकडे शिराळं. आमच्याकडे कर्टुली, तुमच्याकडे कंटोळी." शेवळवालीचं बोलणं तर ती कान लावून ऐकायची. एकदा तिला म्हणाली, "मावशी, तुम्ही पाण्याला पानी म्हणता."

"पानीच तं हाय," शेवळवाली म्हणाली.

"म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक शब्द जरा वाकवायचा, झालं!"

मी म्हटलं, "आम्ही वाकवला की तुम्ही ताणून सरळ केलात, ते कोण सांगणार?" तिघी हसलो. शेवळवाली पदर तोंडावर घेऊन हसायची.

त्या पोरीला या बाजाराशिवाय कोणी नव्हतं. बिल्डिंगीत दारं बंद. सासू गावाला असायची आणि पेरणीआधी थोडे दिवस येऊन राहायची. त्या जूनमध्ये सासू आलेली होती, आणि सुनेला वाटत होतं की तिला काहीतरी इथलं, नवीन करून खायला घालावं.

त्या वर्षी एक गोष्ट वाईट झाली होती. पाड्याजवळचं काकडाचं मोठं झाड खाणीच्या रस्त्यासाठी तोडलं. शेवळवाली लांबच्या रानातून काकडं आणायची, पण ती पुरायची नाहीत. ती सून शेवळं घ्यायला आली त्या दिवशी मी बाजारात नव्हते. वसईजवळच्या होळी गावात माझ्या भाचीच्या मुलाचा बाप्तिस्मा होता, तिकडे गेले होते. माझं गोणपाट शेवळवालीने अंथरलं होतं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या जागेवर येऊन बसले, पाटी सोडली, बाप्तिस्म्याला काय जेवण होतं ते तिला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात रस्त्यावरून माणसं आली. पुढे त्या सुनेचा नवरा. मागे बिल्डिंगीतल्या तीन-चार बायका.

"कोण ती काल शेवळं विकणारी?"

शेवळवालीने हात वर केला, शाळेतली पोर करते तसा.

"माझी आई दवाखान्यात आहे. ओठ सुजलेत, घसा सुजलाय, तोंडातून शब्द निघत नाही. काय विकलंस माझ्या बायकोला?"

शेवळवाली उठून उभी राहिली. "काकडं नाय घातली?"

"घातली! तू सांगितलंस ते सगळं घातलं. माझ्यासमोर घातलं! पहिला घास आईनेच घेतला."

तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. बाजारात माल खराब निघाला तर भांडतात तसं ते भांडण नव्हतं. त्याची आई तिकडे खाटेवर होती. आणि शेवळवालीचा चेहरा मी पाहिला. तिला त्याची भीती वाटली नाही. तिला स्वतःची वाटली. काकडं घालूनही खाजलं म्हणजे तो कोंबच शेवळाचा नव्हता. रानात तसे दुसरेही कोंब येतात, दिसायला तसेच, खाल्ले तर माणसाचं काही खरं नाही. ते निवडून बाजूला टाकणं हेच तर तिचं काम. ती खाली बसली, टोपलीतली जुडी सोडली, एकेक कोंब उचलून बघायला लागली, हुंगायला लागली. मग एक माझ्यापुढे धरला. 

"बाय, बघ गो. हा शेवळच हाय ना?"

मला शेवळ ओळखायला तिनेच शिकवलेलं. मी म्हटलं, "शेवळच आहे गो. दुसरं काय असणार?"

"मंग?" ती म्हणाली. 

तेवढ्यात कांदेबटाटेवाला पुढे आला. तसा तो वाईट माणूस नव्हता. पण त्याचा माल वाढत चालला होता, बटाट्याच्या गोणी रस्त्यावर यायला लागल्या होत्या, आणि वर्षातले कितीतरी दिवस रिकामी पडणारी ती जागा त्याच्या डोळ्यांत खुपायची. "रानातलं काहीबाही आणून विष विकायचं," तो मोठ्याने म्हणाला, "पोलिसातच द्या. आमच्या पण मालाचं नाव खराब." पोलीस म्हटल्यावर तिने टोपली उचलली. कोणी हाकललं नाही तिला. ती आपली आपण गेली, भिंतीच्या कडेकडेने, डोक्यावर टोपली न घेता, पोटाशी धरून. गोणपाट तिथेच राहिलं.

दुपारपर्यंत बाजाराने तिला नवीन नाव दिलेलं होतं. विषवाली.

दोन दिवस मी काय केलं, नीट आठवत नाही. केळी विकली असतील. मनात एकच होतं, ती परत यायला हवी असेल तर झालं काय ते कळायला हवं. सासूला घरी आणल्याचं ऐकलं तशी मी पिकलेली राजेळी केळी घेतली, मऊ, घशातून सहज उतरतील अशी, आणि त्या बिल्डिंगीचे जिने चढले. दार सुनेने उघडलं. डोळे सुजलेले. मला बघून बाजूला झाली.

सासू पलंगावर बसलेली. आवाज घोगरा, पण माणूस खणखणीत. मला बघून म्हणाली, "या. तुमी त्या बाजारातल्या का? एक सांगा मला. तुमच्याकडं मानसं भाजी खात्यात का भाजीच मानसाला खाती?"

मी हसले आणि मग हसल्याबद्दल लाजले. तिला केळी दिली, डोक्यावर हात ठेवून मनात प्रार्थना म्हटली, आणि स्वयंपाकघरात गेले. सून ओट्याला टेकून उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. आईंना मारायलाच निघाली होतीस, असं सगळ्यांच्या मनात आहे."

"काकडं कुठून घेतलीस गं? तिच्याकडची संपली होती ना?"

"हो, त्या म्हणाल्या माझी सरली, दुसरीकडून घे. मग कोपऱ्यावरच्या गाडीवरून घेतली. चांगली कोवळी बघून."

कोपऱ्यावरच्या गाडीवर काकडं? तो गाडीवाला भेंडी-टोमॅटो विकणारा. त्याने काकड जन्मात पाहिलं नसेल.

"त्यांनी मूठभर घाल सांगितलं होतं," ती म्हणाली. "मूठभर कशी घालायची कळेना. मग मी सोलून, बारीक चिरून मूठभर घातली. उरलेली अर्धी आहे अजून."

तिने फ्रिज उघडला आणि अर्धी काकडी माझ्या हातात ठेवली.

मी तिथे फरशीवरच बसले. काकडी. कोशिंबिरीची काकडी. माझ्या तोंडाकडे बघून तिचं तोंड उतरलं. "काकडं म्हणजे काकड्याच ना मावशी? पाण्याला पानी, तसं काकडीला काकडं. मला वाटलं..." आणि मग तिलाही कळलं. इथलं बोलणं शिकली नसती तर तिने विचारलं असतं, काकडं म्हणजे काय गं मावशी? थोडं शिकली होती, म्हणून विचारलं नाही. आणि शेवळवालीलाही वाटलं नाही की शेवळं घेणारीला काकडं ठाऊक नसतील. दोघी एकमेकींना समजल्या, हेच चुकलं.

बाहेरून घोगरा आवाज आला, "काय झालं गं? कोण रडतंय?" आम्ही जाऊन सांगितलं. सासूने अर्धी काकडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, "म्हंजी मला काकडीनं मारलं?" आणि हसायला लागली. घसा दुखत होता म्हणून हसता येईना, हसू आवरेना. मग सुनेला म्हणाली, "ये हिकडं. बस." त्या घरातलं तेवढं मिटलं.

बाजारातलं मिटलं नाही.

सुनेचा नवरा स्वतः बाजारात आला, चारचौघांत म्हणाला, "चूक आमच्याकडून झाली, त्या बाईची नव्हती." असं म्हणायला मन मोठं लागतं, हे मी आजही म्हणेन. बाजार खूप हसला. काकडीचा किस्सा आठवडाभर पुरला. कांदेबटाटेवाला येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. पण नाव काही गेलं नाही. "ती विषवाली ना, तिची गंमत ऐकलीत का?" असं म्हणूनच लोक तिची बाजू मांडायचे. आणि कांदेबटाटेवाल्याच्या गोणी रोज वीतभर पुढे सरकायच्या. मी रोज पायाने मागे ढकलायची.

"काकी, ती काय आता येत नाय," तो म्हणायचा.

"गोणपाट आहे ना? मग ती आहे."

"गोणपाटाला काय कोंब फुटणार आहेत काय?"

"तुझ्या बटाट्यांना फुटलेत बघ आधी," मी म्हणायची. लोक हसायचे. पण मला हसू यायचं नाही.

शेवटी मी आणि ती सून तिच्या पाड्यावर गेलो. भाताची लावणी चालली होती. हायवेपर्यंत बस, पुढे चिखलातून चालत. आम्ही दिसताच ती बांधावरून उठून घरात गेली. एक म्हातारी दारात येऊन म्हणाली, "ती घरा नाय." मी बाहेरून ओरडले. माझा आवाज तिला ओळखीचा. "अगो, मी केळीवाली. पोलीस नाय आणले. काकडी आणलीय!"

ती बाहेर आली. मी झालं ते सांगितलं. ती ऐकत राहिली, मग सुनेकडे वळली. "काकडी घातलीस?"

सुनेने मान खाली घातली.

"भाजीन काकडी? नुसता पानी झाला असल गो!" आणि पदर तोंडावर घेऊन हसली, अगदी पूर्वीसारखी. मग तिने विचारलं, "तुज्या सासूचा गला कसा हाय?" बरा आहे म्हटल्यावर तिने डोळे मिटून दोन्ही हात छातीवर धरले. आम्हाला बसवलं, बिनदुधाचा चहा दिला. मला वाटलं, झालं. जिंकलो.

मी म्हटलं, "मग उद्यापासून ये. शेवळं सरली तर टाकळा आण."

ती आपल्या हाताकडे बघायला लागली. "त्या दिसापून रानान जात नाय मी. कोंब दिसला का हात मागं येतो."

"अगो, पण चूक तुझी नव्हती. आता कळलं ना तुला?"

"मला कळला," ती म्हणाली. "हाताला नाय कळला."

सून रडायला लागली. शेवळवालीच तिला समजावत बसली. "तू नको रडू. माजी काकडं सरली तवाच मी शेवळं देयाला नको व्हती. काकडं नाय तं शेवळं नाय." झाड तोडणाऱ्याला तिने काही म्हटलं नाही. ते मी म्हटलं, वाटेत परतताना, मोठमोठ्याने, ऐकायला कोणी नसताना.

श्रावणात ती आली. मी एसटीतून उतरून बघते तर ती आधीच येऊन उभी होती, टोपलीत कंटोळी, पण जागेवर बसलेली नाही. मी गोणपाट अंथरेपर्यंत वाट बघत होती. मी अंथरलं, झटकलं, ती बसली. मला किती आनंद झाला, काय सांगू. मी इतकी ओरडले की माझा घसा बसला. "कंटोळी घ्या, डोंगरची कंटोळी!"

बायका यायच्या, एक कंटोळं उचलायच्या, आणि विचारायच्या, "खाजत नाही ना?" कोणी खरंच विचारायची, कोणी चेष्टेने. काही जणी माझ्या जुन्या ओळखीच्या, चांगल्या घरच्या. ती प्रत्येकीला सांगायची, "नाय गो. कंटोळी नाय खाजत." हसून सांगायची. परत कोणी यायचं, परत तेच. "यात काकडी घालायची का?" एकीने विचारलं आणि सगळी रांग हसली. तीही हसली. मी त्या बाईला काहीतरी टाकून बोलले, तर शेवळवालीने माझा हात धरला.

साताऱ्याची सून धावत आली, तिने पाहिजे त्याहून जास्त कंटोळी घेतली. तरी टोपली अर्ध्याच्या वर भरलेली राहिली. ऊन डोक्यावर आलं तशी शेवळवाली उठली. उरलेली कंटोळी माझ्या पाटीत ओतली. मग तिने तिचं गोणपाट उचललं, झटकलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"आता नको अंथरू बाय."

"का गो? चार दिवस बोलतील, विसरतील."

"ते इसरतील," ती म्हणाली. "मना परतेकीला सांगाया लागतं, मी मारनारी नाय म्हनून. इकाया बसलं का सांगाया बसलं, समजत नाय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "येन कदी."

कांदेबटाटेवाला बघत होता.  तिच्या पाठमोऱ्या टोपलीकडे बघत राहिला आणि मग उगाचच बटाटे चाळायला लागला.

मी तिचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी गोणपाट अंथरलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. तिची जागा तिने सोडली असेल, मी सोडली नव्हती. कांदेबटाटेवाल्याच्या गोणी एकदोनदा पुढे आल्या, मग आल्या नाहीत. वर्ष सरत आलं. आमच्या विहिरीचं पाणी उतरलं, टँकर भरभरून बिल्डिंगांना जायला लागलं, माझ्या पाटीत वांगी कमी आणि विकतचा माल जास्त दिसायला लागला. ते वेगळं दुःख, आज ते नको.

पुढच्या जूनमध्ये एका सकाळी काठी टेकत साताऱ्याची सासू बाजारात आली. एकटीच. सुनेला सांगून आली नव्हती. मला म्हणाली, "आवं, ती शेवळवाली कुटं बसती?"

मी रिकाम्या गोणपाटाकडे बोट केलं. "इथे. अजून आली नाही."

"मला तिच्याकडची जुडी पायजे. गेल्या वर्साला चव काय कळलीच न्हाई." एवढं बोलून ती दमली, आणि कोणाला काही समजायच्या आत त्या गोणपाटावर बसली. सगळी रांग वळून बघायला लागली. त्या गोणपाटावर आजवर कोणी पाय दिला नव्हता. कांदेबटाटेवाला काहीतरी सांगायला पुढे सरकला, मी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. तिला बाजाराचा कायदा काय ठाऊक? आणि त्या जागेवर बसायचा हक्क तिला नसेल तर कोणाला असणार होता?

"ती आली की उटती मी," सासू म्हणाली.

ती बसून राहिली. येणारी बाई तिलाच विचारायची, "मावशी, काय आणलंय?" आणि ती ठसक्यात सांगायची, "माल मागनं येतोय." मध्येच माझ्याकडे वळून विचारलं, "काकडं आनील न्हवं ती? बोराएवडी असत्यात ती?"

"आणेल," मी म्हटलं.

रस्ता तापला, गिऱ्हाइकं पांगली. मी पाटी आवरली. सासूने दोन्ही हात काठीवर ठेवले आणि कष्टाने उठली. मागे वळून गोणपाटावर पडलेली सुरकुती तिने काठीच्या टोकाने सरळ केली.

"वाट लांबची हाय तिची," म्हणाली. "उद्या जरा लवकर येती मी, चुकामूक नको व्हायला."